माझ्या जिवाचे हप्ते

रमजानचे शेवटचे दिवस आले की अब्बांचं पासबुक माझ्या घरी येतं. वर्षभरात त्यांच्या खात्यावर जेवढं व्याज जमा झालं असेल ते शोधायचं, त्याची बेरीज करायची आणि आकडा एका चिठ्ठीवर लिहून द्यायचा, हे माझं ठरलेलं काम. अब्बा तेवढे पैसे बँकेतून काढतात आणि कुणातरी अडलेल्याला देऊन टाकतात. व्याज हराम, ते पैसे त्यांचे नव्हतेच, त्यामुळे दिल्याचा सवाब, म्हणजे पुण्य, मिळत नाही, फक्त घर साफ होतं, असं त्यांचं म्हणणं. केर काढून बाहेर टाकला म्हणून कुणी शाबासकी देतं का, असं ते विचारतात.

सगळ्यांच्या घरी असं नसतं. माझा नवरा वाळूजला एका कंपनीत सुपरवायझर आहे. त्याच्या खात्यावरचं व्याज आम्ही बिनदिक्कत खातो आणि त्याची स्वतःची विम्याची पॉलिसीही आहे. अब्बा आमच्याकडे जेवायला येतात तेव्हा ते काही विचारत नाहीत आणि आम्ही काही सांगत नाही. अशा रीतीनं आमचं बरं चाललेलं असतं.

मी फुलंब्रीच्या पुढच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मराठी शिकवते आणि मुकुंदवाडीहून रोज येऊन-जाऊन करते. घरातल्या पहिल्या शिकलेल्या मुलीच्या नशिबी जे असतं ते माझ्याही आलं आहे. विजेचं बिल असो, रेशनकार्ड असो, आधारमधली चूक असो, कागद कुणाचाही असला तरी तो फिरून माझ्याच दारात येतो. अब्बांना उर्दू सहज वाचता येतं, मराठी थोडं अडखळत. गुलमंडीतल्या कापडाच्या दुकानात चाळीस वर्षं उभं राहिल्यामुळे बोलतात मात्र झकास. घरी आम्ही दखनी बोलतो, पण अब्बांना राग आला की ते मराठीवर येतात, कारण उभ्या आयुष्यातली त्यांची सगळी भांडणं गिऱ्हाइकांशी झाली आणि ती मराठीतच झाली. इंग्रजीशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं.

त्या वर्षी बँकेतलं पासबुक छापायचं यंत्र बंद होतं. काउंटरवरच्या माणसानं पासबुकाऐवजी दोन वर्षांचं स्टेटमेंट छापून दिलं, आणि अब्बा ती पानं गुंडाळी करून घेऊन आले. एरवी मी पासबुकातल्या फिकट अक्षरांतून फक्त व्याजाच्या ओळी वेचायची. बाकीच्या ओळी म्हणजे अब्बांचा खाजगी मामला. या वेळी पानं मोठी होती, छपाई ठसठशीत होती, आणि व्याजाच्या दोन ओळींच्या मधोमध पन्नास हजार रुपये गेल्याची एक ओळ होती. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा तेवढेच. समोर इंग्रजीतली तुटकी-मुटकी अक्षरं आणि एक लांबलचक नंबर.

पन्नास हजार ही आमच्या घरात हरवून जाण्यासारखी रक्कम नव्हे. मी विचारलं, हे काय आहे? अब्बा हसले. जरा फुशारूनच म्हणाले, ते माझं बिनव्याजाचं खातं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी दुकान सोडताना शेटजींनी त्यांना इतक्या वर्षांच्या कामाची म्हणून एक रक्कम दिली होती. ती खात्यात पडली आणि व्याज एकदम वाढलं. अब्बांना त्याची टोचणी लागली. ते थेट बँकेत गेले आणि तिथल्या एका गोड बोलणाऱ्या साहेबाला म्हणाले, मला व्याज देत जाऊ नका. बँकेत असं सांगणारं गिऱ्हाईक रोज येत नसणार. साहेबानं त्यांना बसवलं, चहा पाजला आणि सांगितलं की चाचा, तुमच्यासाठीच एक योजना आहे. दरवर्षी थोडे पैसे बाजूला पडतील आणि तुम्हाला व्याज म्हणून एक पैसाही मिळणार नाही. मिळेल तो बोनस.

बोनस म्हणजे काय ते अब्बांना पक्कं ठाऊक होतं. शेटजी दर दिवाळीला पाकिटात घालून, मिठाईच्या डब्यासोबत, सगळ्या नोकरांना देत तो बोनस. तो हलाल होता. त्याच पैशांतून आमचे ईदचे कपडे शिवले जायचे. तेव्हा अब्बांनी सांगतील तिथं सह्या केल्या.

मला तो दिवस अंधूक आठवला. मी सातवीच्या वर्गावर होते. अब्बांचा फोन आला की बँकेत आहे, तुझ्या फोनवर एक आकडा येईल, तेवढा सांग. नॉमिनी वगैरे लावत असतील असं समजून मी फळ्याकडे पाठ करून तो सांगितला आणि पुन्हा समासाकडे वळले.

आता मी त्या तुटक्या अक्षरांवरून बोट फिरवलं. पहिला शब्द लाइफ होता. दुसरा इन्श्युरन्सचा अर्धा तुकडा. अब्बा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, ईद होऊ द्या, बँकेत जाऊन विचारू. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, असं मी वर्गात शिकवते. ते घरी बोलायची माझी हिंमत झाली नाही.

त्या दिवसांत माझं स्वतःचंही एक लचांड चाललं होतं. थंडीत माझ्या गळ्याला, डाव्या बाजूला, एक गाठ हाताला लागली होती. सुईनं तपासून झालं, त्यातून नीट काही कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, काढून टाकू आणि मग बघू काय आहे ते. आवाजाची नस तिथूनच जाते, त्यामुळे आवाज थोडे दिवस बसेल किंवा जास्त दिवस बसेल, हेही त्यांनी सहज सांगून टाकलं. मास्तरणीचा आवाज गेला तर मागं काय राहतं, असं मी हसत विचारलं. ते हसले नाहीत. ईदनंतरच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख ठरली. माझी मुलगी आठवीत होती. तिला मी साधी गाठ आहे, काढून टाकायची आहे, एवढंच सांगितलं होतं, आणि अब्बांनाही तेवढंच.

ईद झाल्यावर आम्ही दोघं बँकेत गेलो. गोडबोल्या साहेबाची बदली झाली होती. त्याच्या खुर्चीवर एक तरुण बाई होती, बोलायला चांगली. तिनं नंबर टाकला आणि स्क्रीन आमच्याकडे वळवला. म्हणाली, ही जीवन विम्याची पॉलिसी आहे. दहा वर्षं हप्ते भरायचे. काकांचं वय यात बसत नव्हतं, म्हणून लाइफ तुमची घेतली आहे.

“माझी लाइफ घेतली म्हणजे?” मी विचारलं.

“म्हणजे विमा तुमच्या जिवाचा आहे. हप्ते काका भरतात. तुम्हाला काही झालं तर पाच लाख काकांना मिळतील.”

तिचा यात काही दोष नव्हता. तिनं स्क्रीनवरचं वाचून दाखवलं. वर्गातून मी फोनवर सांगितलेला तो आकडा म्हणजेच माझी संमती होती. अब्बांनी ते ऐकलं. मग त्यांनी मराठीत विचारलं, अगदी हळू आवाजात.

“म्हणजे माझी लेक मेली, तर त्याचे पैसे मला?”

असं नका म्हणू काका, ती म्हणाली, याला संरक्षण म्हणतात.

बाहेर उसाच्या रसाचं दुकान होतं. अब्बा तिथल्या बाकावर बसले. रस समोर आला, त्यावरचा फेस विरून गेला तरी त्यांनी ग्लासला हात लावला नाही. त्यांच्या दृष्टीनं व्याज हा निदान कचरा होता, झाडून बाहेर टाकता येणारा. हे तसलं नव्हतं. हा सट्टा होता, तोही पोरीच्या जिवावर, आणि ती मेली तरच जिंकायचा. मी त्यांना समजावू लागले. म्हटलं, अब्बा, लाखो लोक काढतात, कुणी कुणाच्या मरणाची वाट बघत नसतं. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नव्हतं. मग त्यांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं. गाठ आता बाहेरून दिसायला लागली होती.

“ये कब हुई?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, थंडीत. ते मनात काहीतरी जुळवत होते. पहिला हप्ता, दुसरा हप्ता, गाठ. मला इतका राग आला की काय सांगू. त्या बँकेचा आला, त्या चहा पाजणाऱ्याचा आला आणि अब्बांचाही आला. जगात गाठी काय विम्यामुळे होतात? पण बापाच्या मनात एकदा असं काही शिरलं की ते काढणारा डॉक्टर अजून जन्मायचा आहे. ऑपरेशनच्या आधी हे बंद करायचं, ते म्हणाले. मग आत जा.

मशिदीतल्या मौलानांना त्यांनी विचारलं. मौलाना समजूतदार माणूस. म्हणाले, बेखबरीत झालं, तौबा करा, निघता येईल तितकं लवकर निघा, आणि ऑपरेशन मात्र थांबवू नका. अब्बांनी त्यातला लवकर हा शब्द तेवढा घरी आणला.

विमा कंपनीचं ऑफिस जालना रोडवर एका काचेच्या इमारतीत होतं. मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून अब्बांना घेऊन गेले. तिथल्या माणसानं हिशोब करून सांगितलं की आत्ता पॉलिसी मोडली तर भरलेल्या लाखातले तीसेक हजार हाती येतील. मला वाटलं, अब्बा आता बसल्या जागी कोसळतात. शेटजींच्या दुकानात चाळीस वर्षं उभं राहून पायाच्या शिरा फुगल्या, त्याचे पैसे होते ते. पण अब्बा म्हणाले, तेही तुम्हीच ठेवा, मला काही नको, फक्त आज बंद करा. तो माणूस गोंधळला. म्हणाला, काका, असं होत नाही. पैसे परत घेतल्याशिवाय पॉलिसी बंद करता येत नाही.

मी विचारलं, पुढचा हप्ता भरलाच नाही तर? तर ती आपोआप थंड पडेल, पण हप्त्याची तारीख लांब आहे. तोपर्यंत विमा चालू राहील, तुम्ही अजिबात काळजी करू नका, असं तो मला धीर देत म्हणाला. अब्बांनी डोळे मिटून घेतले.

मग कागद सुरू झाले. मूळ पॉलिसी आणा. ती आम्हाला कधी मिळालीच नव्हती. मिळाली आहे, तो म्हणाला, ईमेलवर पाठवली आहे. ज्या पत्त्यावर पाठवली तो माझा नव्हता, अब्बांचा तर नव्हताच. सुरुवातीला पॉलिसी वाचून नापसंत असेल तर परत करायला काही दिवस दिले होते, तेही त्या कुणाच्याच नसलेल्या ईमेलवर निघून गेले होते. मी आवाज चढवला. गळ्यात दुखलं म्हणून खाली आणला. तक्रार करा, तो म्हणाला, तुमचा हक्क आहे, निकाल लागायला महिना-दीड महिना लागतो. बँक म्हणे कंपनीकडे जा, कंपनी म्हणे बँकेनं विकलं, आणि दोघांच्या मध्ये आमचा तोंड दाबून बुक्क्यांचा मार चालला होता. शेवटी त्यानं मूळ पॉलिसी हरवल्याचं लिहून घेतलं, रद्द केलेला चेक घेतला, अब्बांच्या पाच ठिकाणी सह्या घेतल्या आणि सांगितलं की आता मुख्य ऑफिसमधून खातरजमा करायला फोन येईल. तो आला की पुढची कारवाई.

अब्बांनी त्या दिवसापासून फोन हातातून ठेवला नाही. नमाजला उभे राहताना तो अम्मीच्या हातात द्यायचे आणि सांगायचे, आला तर उचल, थांबायला सांग. अम्मी वैतागून गेली. तिला या सगळ्यातलं एवढंच कळलं होतं की पोरीचं ऑपरेशन आहे आणि नवऱ्याला दुसऱ्याच कशाचा तरी घोर लागला आहे.

माझ्या नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. अर्ज दिला ते ठीक, पण फोन आला तर अब्बांना म्हणावं, ऑपरेशन होईपर्यंत थांबू. ऑपरेशनच्या तोंडावर विमा कुणी मोडतं का? शहाण्यानं तरी मोडू नये. त्यानं हे मला सांगितलं, अब्बांना सांगायची त्याची छाती नव्हती. मी त्याच्यावर ओरडले. माझ्या मरणाचा हिशोब तूही करतोस का, असं म्हणाले. तो म्हणाला, हिशोब नाही करत गं, भीती वाटते मला.

खरं सांगायचं तर हिशोब मीही केला होता. फुलंब्रीच्या बसमध्ये खिडकीशी बसून, रोज. पाच लाख. मी गेले तर अब्बा त्या पैशांना शिवणार नाहीत, पण तेच पैसे ते माझ्या मुलीच्या नावावर करतील का? दुसऱ्या कुणाला देऊन टाकतील? मुलीची दहावी, बारावी, मग कॉलेज. नवऱ्याचा पगार. मला ती पॉलिसी हवी होती. ज्या बापाचा जीव ती मोडण्यात अडकला होता, त्याच्यासोबत मी कचेऱ्या फिरत होते आणि मनातून म्हणत होते की त्यांचा फोन जरा उशिरा येऊ दे. हे मी कुणाशी बोलू शकत नव्हते. इकडे आड तिकडे विहीर असं म्हणतात, पण त्यात निदान उडी कुठं मारायची ते आपल्या हातात असतं.

ऑपरेशनचा दिवस उजाडला तोवर फोन आलेला नव्हता.

दवाखान्यात दोन खाटांची खोली मिळाली होती. शेजारच्या खाटेवर पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालेली एक बाई होती. तिच्याजवळ तिचा नवरा बसलेला, आमच्या शाळेच्याच पट्ट्यातला शेतकरी. आदल्या दिवसापासून तो आम्हाला घरच्या मोसंब्या खायला घालत होता आणि माझ्या शाळेच्या गळक्या छताबद्दल मलाच जाब विचारत होता. सकाळी मला हिरवा गाऊन चढवला, बांगड्या उतरवल्या. नर्स म्हणाली, अर्ध्या तासात नेतील. नवरा दारात उभा होता. अम्मी मुलीला घेऊन घरी थांबली होती. अब्बा माझ्या पायाशी स्टुलावर बसून तसबीहचे मणी फिरवत होते, आणि फोन वाजला.

अब्बा फोन नेहमी स्पीकरवर घेतात, त्यांना कानाला लावलेलं पटत नाही. पलीकडे एक मुलगी होती. आधी तिनं हा कॉल रेकॉर्ड होत असल्याचं सांगितलं, मग अब्बांची जन्मतारीख विचारली, मग माझी. माझी जन्मतारीख त्यांनी न अडखळता सांगितली. पॉलिसी बंद का करताय, तिनं विचारलं. अब्बा म्हणाले, नको आहे. तिनं पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली. आणखी एक हप्ता भरला तर किती परत मिळतील, बोनस किती बुडेल, मुलीचं सुरक्षाकवच कसं जाईल. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. गिऱ्हाइकाचं पूर्ण ऐकून घ्यायची त्यांची जुनी सवय. मग विचारलं, बंद कधी होईल?

पंधरा कामकाजाचे दिवस, ती म्हणाली.

“तिचं ऑपरेशन आत्ता आहे,” अब्बा म्हणाले. “अर्ध्या घंट्यात.”

तिच्या कागदावर हे नसावं. मग ती वेगळ्याच, खऱ्या आवाजात बोलली. म्हणाली, अंकल, मग आत्ता कशाला बंद करता? होऊन जाऊ द्या ऑपरेशन. मी माझ्यातर्फे सांगते, अशा वेळी कुणी बंद करत नाही.

अब्बांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. दारातून नवराही बघत होता. मला फोन हातात घेऊन एवढंच म्हणायचं होतं की ठीक आहे, राहू द्या. अब्बांनी ते ऐकलं असतं. माझ्यासाठी ऐकलं असतं आणि मग मी बाहेर येईपर्यंत त्या दाराबाहेर ते कसे बसले असते ते मला दिसत होतं. डॉक्टरच्या हातातली सुरी त्यांच्या हातात नव्हती. गाठीत काय निघेल ते त्यांच्या हातात नव्हतं. साऱ्या दुनियेत त्यांच्या हातात एवढी एकच गोष्ट होती, आणि तीही पंधरा दिवस लांब होती. मी फोनकडे हात केला नाही.

अब्बा स्टुलावरून उठले. त्यांनी फोन समोर धरला आणि शेजारच्या खाटेकडे वळले. आमच्यात आपल्या हक्काची एखादी गोष्ट सोडायची असली तर ती बोलून सोडतात, समोर दोन साक्षीदार धरून. जमिनीची वाटणी असो, उसनं माफ करायचं असो, कागद मागाहून होतो. अब्बा त्या शेतकऱ्याला म्हणाले, भाऊ, जरा लक्ष द्या. तो बिचारा हातातली मोसंबी ठेवून उभा राहिला.

“ही पॉलिसी मी आज, आत्ता सोडली,” अब्बा म्हणाले. भांडताना बोलायचे त्या स्वच्छ मराठीत. “माझ्या लेकीच्या जिवावर माझा एक पैसा नाही. कधी आलाच, तर तो माझा नाही. तुम्ही ऐकलं ना?”

शेतकऱ्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा अब्बांकडे. त्याला यातलं काय कळलं असेल कोण जाणे. त्यानं टोपी सारखी केली.

“व्हय चाचा,” तो म्हणाला. “म्या आयकलं.”

अब्बांनी फोन तोंडाजवळ नेला. “और तू, बेटी? तू भी सुनी ना?”

पलीकडून ती मुलगी म्हणाली, सुना, अंकल. त्यानंतर तिनं तुमची विनंती नोंदवली आहे वगैरे म्हटलं, पण आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता.

अब्बांनी फोन खिशात टाकला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचे दोन्ही हात रिकामे होते. ते त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवले, काहीतरी पुटपुटून माझ्यावर फुंकर घातली आणि म्हणाले, “जा अब.” स्ट्रेचर आलंच होतं. त्यांचा चेहरा असा निवांत झाला होता की मला रडू आलं. कारण मला ठाऊक होतं, कंपनी साक्षीदार मानत नाही. पंधरा दिवसांच्या आत मी मेले तर पाच लाखांचा चेक निघणार, तो अब्बांच्याच नावानं निघणार, आणि कुणीतरी तो घरी आणून त्यांच्या हातात ठेवणार. तो येऊ न देण्याचा आता एकच उपाय होता, मी जिवंत बाहेर येणं. आणि मी स्ट्रेचरवर आडवं पडून, हात पोटावर ठेवून, छताचे दिवे मागं जाताना बघत होते तेव्हा त्यासाठी काय करायचं ते मला काही केल्या सुचत नव्हतं.